गोळीमागचा कचरा

आयबुप्रोफेन. दाढ ठणकली, कंबर धरली की घेतली. बूट्स या इंग्लिश कंपनीने १९६०च्या दशकात पेटंट घेतलेली तिची कृती सहा पायऱ्यांची. भांड्यात जे घालायचे, त्यातले वजनाने जेमतेम ४० टक्के अणू औषधात यायचे. तेही प्रत्येक पायरीचा उतारा शंभर टक्के धरून, म्हणजे कागदावर. १९९२ साली टेक्ससमधल्या बिशप गावात तीन पायऱ्यांची रीत सुरू झाली. तिथे ७७ टक्के. वाटेत निघणारे अ‍ॅसेटिक आम्ल कामी लावले तर ९९.

पहिली पायरी दोन्हीकडे तीच, फ्रीडेल-क्राफ्ट्स अभिक्रिया. एम.एस्सी.ला ती केलेल्यांना अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड आठवेल: बाटली उघडली की दमट हवेत धूर. म्हणायचे उत्प्रेरक, पण तयार झालेल्या कीटोनला असे चिकटते की मोलाला मोल, किंबहुना जास्तच घालावे लागते. शेवटी सगळे बर्फावर ओतायचे. उरते आम्लाचे पाणी आणि अ‍ॅल्युमिनियमचा गाळ. नव्या रीतीत हायड्रोजन फ्लोराइड आले. उत्प्रेरक तेच, द्रावक तेच, आणि जवळजवळ सगळे परत मिळते.

पण हायड्रोजन फ्लोराइड कातडीतून आत शिरते आणि शरीरातले कॅल्शियम ओढून घेते. १९९७ साली अमेरिकेचा हरित रसायनाचा राष्ट्राध्यक्ष पुरस्कार याच कृतीला मिळाला! कचरा घटला, धोका कारखान्यात कोंडला. सौदा वाईट नाही. 'हिरवा' म्हणताना मात्र जीभ अडखळते.

कचरा मोजायचा रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डनचा हिशेब (१९९२): किलोभर मालामागे कचरा किती किलो? तेलशुद्धीकरणात ०.१च्या आसपास, औषधांत २५ ते १००, कधी त्याहून वर. पायऱ्या जास्त, आणि दर पायरीला नवे द्रावक. या आकड्याला किलोभर मीठ आणि किलोभर क्रोमियमचा क्षार सारखेच. विषारीपणाचा गुणक लावा, असे शेल्डननेच सुचवले. तो ठरवायचा कसा, इथे घोडे अडते.

सिटाग्लिप्टिन, मधुमेहाची गोळी. तिच्या कृतीत आधी ऱ्होडियमचा उत्प्रेरक आणि दाबाखालचा हायड्रोजन. मग मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी त्याऐवजी एक एन्झाइम घेतले. त्याच्या खोबणीत हा रेणू मावतच नव्हता. फेऱ्यांमागून फेऱ्या बदल करत २७ ठिकाणी पालटलेले एन्झाइम हाती आले. ते निम्मे डीएमएसओ हे सेंद्रिय द्रावक असलेल्या द्रावणातही काम करते. (एन्झाइम असे घडवण्याच्या तंत्राबद्दल फ्रान्सिस अर्नॉल्ड यांना २०१८चे नोबेल.) कचरा १९ टक्क्यांनी कमी. एवढ्या खटाटोपाला थोडा वाटतो, पण ऱ्होडियम पार गेले.

प्रयोगशाळेतही हिशेब असाच फसवा. शोधनिबंधाच्या शीर्षकात 'ग्रीन', अभिक्रिया पाण्यात. मग शुद्धता तपासताना टीएलसीवर दोन ठिपके दिसतात, ते वेगळे करायला कॉलम लावावा लागतो, आणि चिमूटभर पदार्थासाठी लिटरभर हेक्झेन जाते. आकृतीत बाणावर 'पाणी' लिहिलेले असते. हेक्झेन निबंधाच्या पुरवणीत शोधावे.