शिदोरी

वेळासला जायचे म्हणजे कासवे पाहायला जायचे, हे आता मुंबईतल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक झाले आहे. एरवी हे गाव नाना फडणविसांचे; पण मार्चमध्ये तिथे नानांची विचारपूस करतो कोण! आम्ही निघालो तेव्हा लेकीला सातवा महिना लागला होता. "तिला घरी ठेवून कासवांची बाळंतपणं बघायला निघालाय!" असे म्हणत का होईना, आमचे कुटुंब गाडीत बसले.

वाटेत तिची एक तक्रार चालूच होती. डॉक्टरांनी लेकीला सुरमईसारखे मोठे मासे बेताने खायला सांगितले होते. म्हणे त्यांत पारा असतो. "आम्ही काय सुरमई खाल्ली नाही? झाली ना धडधाकट मुलं?" यावर नवऱ्याने बोलायचे नसते, एवढे मला अनुभवाने कळते.

बाणकोटला सावित्री समुद्राला मिळते. तिथून अंमळ दक्षिणेला वेळास. नारळी-पोफळीच्या वाड्या, जांभ्याच्या भिंती, सारवलेली अंगणे. ज्यांच्याकडे उतरलो त्या वहिनींनी कोकम सरबत पुढे केले आणि सांगितले, "सकाळी अन् संध्याकाळी टोपली उचलतात. पिल्लं असली तर दिसतील. कासवाला कुठली घाई, काका!"

सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो. जाळीच्या कुंपणात वाळूत ओळीने खड्डे होते. मादी रात्री येऊन सुरईच्या आकाराचा खड्डा खणते, शंभरेक अंडी घालते आणि मागे न बघता समुद्रात निघून जाते. गावकरी ती अंडी उचलून कुंपणात तशाच खड्ड्यांत पुरतात. पूर्वी इथली अंडी खाल्ली जात, विकली जात. समुद्रगरुडांच्या शोधात आलेल्या चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेच्या मंडळींनी २००२ साली गावाला हाताशी धरले आणि तेच गाव राखणीला बसले.

टोपली उचलली. वाळू हलली, आणि तळहातावर मावतील अशी सात पिल्ले वल्ह्यांसारखे पाय मारीत वर आली. लाटेपासून थोड्या अंतरावर त्यांना सोडले, कारण ती वाट त्यांची त्यांनीच चालायची असते.

"यांना भरवतं कोण?" हिने विचारले.

"कुणी नाही, काकू," राखणीचा तरुण म्हणाला. "बलकाचा उरलेला भाग पोटात घेऊन निघतात. पहिले काही दिवस त्यावरच."

"म्हणजे आईनं शिदोरी बांधून दिली म्हणा की!"

शिदोरी हा शब्द तिने सहज वापरला, पण माझ्या मनात तो रुतला. कारण त्या शिदोरीविषयी मी थोडे वाचून आलो होतो. परतताना तिला सांगितले.

लहानपणी माझ्या हातून थर्मामीटर फुटला होता. पाऱ्याचे मणी फरशीवर पळत होते, आणि मी दुपारभर त्यांच्याशी खेळलो. संध्याकाळी आईने ते केरसुणीने गोळा करून मोरीत टाकले. मोरीतून गटारात, गटारातून समुद्रात. शिसे काय, कॅडमियम काय, पारा काय, हे धातू कुजत नाहीत. कारखान्यांच्या सांडपाण्यातून येतात, कोळशाच्या धुरातून पारा येतो. चिखलातले जंतू पाऱ्याचे रूप पालटतात. मग तो बारीक जिवांत, तिथून कोळंबीत, खेकड्यात आणि ते खाणाऱ्या कासवात जातो. मादी मोठी व्हायला बारा-पंधरा वर्षे लागतात, आणि तेवढ्या वर्षांची ही पुंजी अंगात साठते. बलक तिच्या यकृतात तयार होणाऱ्या द्रव्यांतून बनतो. त्याबरोबर त्या पुंजीतला थोडा वाटा अंड्यात उतरतो. मेक्सिकोच्या ला एस्कोबिया किनाऱ्यावर याच जातीच्या कासवांच्या रक्तात आणि अंड्यांत तज्ज्ञांनी शिसे मोजले आहे. त्यासाठी जिवंत अंडी फोडावी लागतातच असे नाही; न उबलेली अंडी आणि मेलेली पिल्लेही पुष्कळ सांगून जातात.

"आणि माणसांत?" तिने हळूच विचारले.

मी मिनामाता सांगितले. जपानातल्या या गावी कारखान्याचा पारा खाडीत गेला, तिथून माशांत आणि माशांतून ताटात. १९५६ साली त्या रोगाची पहिली नोंद झाली. काही आया वरून जवळजवळ धडधाकट होत्या, पण त्यांची मुले जन्मतःच पंगू निघाली. गर्भाने आईच्या अंगातला पारा ओढून घेतला होता. २०१३ साली जगातल्या राष्ट्रांनी पाऱ्याविरुद्ध करार केला, त्याला त्या गावाचेच नाव आहे.

ती काही बोलली नाही. मागे कुंपण दिसत होते. कोल्ह्याला, कुत्र्याला, माणसाला अडवणारे पक्के कुंपण. पण अंड्याच्या आतून जे येते ते जाळीने कसे अडावे? आई लेकरासाठी बांधते ते जवळ असेल त्यातूनच बांधते. तिच्या गाठोड्यात काय पडावे, हे तिच्या हाती नसते. ते आमच्या मोरीत ठरते.

रात्री ओसरीवर बसून हिने लेकीला फोन लावला. कासवांची हकीकत सांगितली, सात पिल्ले सांगितली. मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "आणि हे बघ, ते सुरमईचं डॉक्टर म्हणतात ना, तसंच कर हो. मी आपली उगीच बोलत होते."