गाळपेर

माघ सरला की नाथसागराचं पाणी हळूहळू मागे हटू लागतं. आधी ओलसर काळी कड दिसते, मग वाळून पांढुरक्या पडलेल्या दगडांची ओळ, आणि ऐन वैशाखात एखाद्या आडाचं तोंड, वाड्याच्या जोत्याचा कोपरा, देवळाची पायरी. १९६५ साली पैठणला हा जलाशय अडवणाऱ्या धरणाची पायाभरणी झाली, पुढच्या दशकात सुमारे १० किलोमीटर लांबीच्या बांधामागे गोदावरी थांबली, आणि कितीतरी गावं शिवारासकट, पारासकट, कुणाकुणाच्या माहेरासकट तिच्या तळाशी गेली. काठावर उभं राहिलं की नजर आधी निळाईवर ठरते.

गावं मागाहून दिसतात.

या नदीचं मला नवल वाटतं ते तिच्या उगमापासूनच. ब्रह्मगिरीच्या कातळातून ती पाझरते तेव्हा पश्चिमेचा समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटरांवर असतो. पण पठाराचा कल पूर्वेकडे, म्हणून ती जवळचं पाणी सोडून १,४६५ किलोमीटरांची वाट धरते. नांदूरमधमेश्वरला कादवेला पोटाशी घेत, हिवाळ्यात दूरदेशीच्या पाखरांना उथळ पाण्यात उतरू देत, पुणतांब्याला चांगदेवांच्या समाधीजवळून जात, टोक्याला प्रवरेला भेटत, पैठणला फाल्गुनातल्या नाथषष्ठीच्या दिंड्यांचे धुळीने माखलेले पाय धूत, गंगाखेडला जनाबाईच्या गावाशी रेंगाळत, नांदेडला गुरू गोविंदसिंगांच्या स्मरणात अखंड चाललेलं कीर्तन ऐकत ती खाली उतरते. आणि पार सिरोंच्याला, मराठी, तेलुगू, गोंडी, माडिया एकाच बाजारात कानी पडतात तिथे, वर्धा-वैनगंगेचं पाणी घेऊन आलेली प्राणहिता तिला येऊन मिळते.

इतक्या बोलींचं पाणी एकच.

आमच्या मराठवाड्यात तिला गंगाच म्हणतात. श्रावण कोरडा गेला की ‘गंगेला पाणी सुटलं का?’ हा प्रश्न पारावर, एसटीत, दवाखान्याच्या रांगेत एकाच सुरात ऐकू येतो. वरच्या धरणांखालचा ऊस आणि खालच्या गावांच्या कोरड्या घागरी यांच्यातलं भांडण कोर्टापर्यंत जातं. पाणी खाली आलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. पण वरच्या शेतकऱ्याच्या डोळ्यांतली भीतीही मी पाहिली आहे, आणि ती खोटी नव्हती.

नाथसागराचं पाणी हटलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक पेरतात. दरसाल वाहून आलेली ती माती लोण्यासारखी मऊ असते. तिच्यात काकडी, खरबूज, टरबुजाचे वेल बघता बघता पसरतात. या मातीवर पहिला हक्क जिचं घर तिच्याखाली आहे तिचाच, असं मी मानतो. अशीच एक आजी वेलांमधून वाकून चालत होती. पडवी कुठे होती, चूल कुठे, जावेचं जातं कुठे, हे ती कोयत्याच्या टोकाने दाखवत गेली. मी पाहत होतो तिथे फक्त पानं होती. पलीकडे भोयांच्या होड्या किनाऱ्याला लागत होत्या, मासळीचे भाव ओरडले जात होते, नातवंडं टेम्पोकडे टरबुजं वाहत होती.

‘आजी, मृगात पाणी पुन्हा वर चढंल की.’

‘चढू दे बाबा, चढायलाच पाहिजे. लेकरं काय पितील? फक्त तेवढी टरबुजं निघू दे आधी.’