राखाडीची लडी

समुद्रावरचा सूर्यास्त क्रॉस स्टिचमध्ये भरायचा म्हटलं की हात आधी नारिंगी लडीकडे जातो. साहजिकच आहे. पण हिशेब करून पाहा. इंचाला 14 घरं असलेल्या आयडा कापडावर दहा इंच बाय आठ इंचांचं चित्र घेतलं, तर फुल्या होतात 15,680. त्यात सूर्य चांगला इंचभर व्यासाचा धरला तरी त्याच्या वाट्याला येतात जेमतेम दीडशे. बाकी सगळं आकाश, पाणी आणि वाळू. महिने जातात ते तिथे. आणि सूर्य जमला की फसला, हेही तिथेच ठरतं.

सध्या माझ्या रिंगवर गुहागरचा किनारा आहे. एका कडेला सुरूची काळपट रांग, पुढे ओहोटीचं पाणी. फोटो सॉफ्टवेअरला दिला की ते मिनिटभरात ग्राफ काढून देतं, पण तो जसाच्या तसा भरू नये असं माझं ठाम मत आहे. यंत्राला प्रत्येक ठिपक्यासाठी वेगळी शेड हवी असते. मग आकाशभर सुट्या फुल्या विखुरतात: एक टाका घाला, दोरा बंद करा, दुसरी सुई ओवा. मागची बाजू गाठींनी भरून जाते आणि पुढून आकाश मळकट दिसतं. मी शेड कमी करते. दोन रंगांच्या मधली छटा हवी असेल तर सहापदरी दोऱ्यातला गुलाबीचा एक पदर आणि राखाडीचा एक, असे दोन्ही एकाच सुईत ओवते. मॅटीवर राघू-मोर भरणाऱ्या आमच्या आई-मावश्यांना या भानगडी नव्हत्या. त्यांचा हिरवा म्हणजे हिरवा. राघूला तो शोभायचाही.

सूर्याची अडचण वेगळीच. दोरा स्वतः उजळत नाही. पांढऱ्याहून उजळ लडी कुठल्याच दुकानात मिळत नाही, आणि पिवळा जितका फिका घ्यावा तितका सूर्य आजारी दिसतो. यावरचा उपाय रंगाऱ्यांना फार पूर्वीच सापडला आहे. मिशेल शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ 1824 मध्ये पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख झाला. भिंतीवर टांगायची चित्रं विणणारा हा कारखाना. तिथे तक्रार होती, की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत वापरलेला काळा दोरा पुरेसा काळा दिसत नाही. शेव्हरलने तपासलं तर रंगात काहीच खोट नव्हती. शेजारचे रंग त्या काळ्याला फिकं पाडत होते. 1839 मध्ये त्याने यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. म्हणजे सूर्य तेजस्वी करायचा तर त्याच्या लडीला हात न लावता शेजार बदलायचा. निळसर राखाडीत ठेवलेला साधा नारिंगी पेटतो, पिवळ्या-गुलाबीत ठेवलेला विरघळतो. मोनेने 1872 मध्ये ल हाव्र बंदरातला सूर्योदय रंगवला, तेव्हा सूर्य भोवतालच्या आकाशाहून फारसा उजळ ठेवलाच नाही. त्या चित्राचा कृष्णधवल फोटो पाहिला तर सूर्य जवळजवळ नाहीसाच होतो. लड्या निवडताना मीही त्या शेजारी शेजारी मांडून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढते. डोळे रंगाला भुलतात, तो फोटो भुलत नाही.

हा राखाडी काही कारागिराची लबाडी नाही. मावळतीचा प्रकाश हवेच्या फार जाड थरातून येतो, वाटेत त्यातला निळा विखुरला जातो, आणि क्षितिजालगत वाफ, धूळ, मीठ यांचा धुरकट पट्टा उरतोच. हीच हवा प्रकाश वाकवते. त्यामुळे क्षितिजाला टेकलेला सूर्य दिसतो, तेव्हा तो खरं तर आधीच खाली गेलेला असतो. वरच्या कडेपेक्षा खालची कड अधिक उचलली जाते, म्हणून बिंब चपटंही दिसतं. फुल्यांच्या चौकटीत गोल काढायचा तर कडा पायऱ्यापायऱ्यांच्या होतात. इथे हा चपटेपणाच मदतीला येतो. 14 फुल्या रुंद सूर्याला 12 ओळींची उंची पुरे. कडेने उलटी टीप मात्र घालू नये, सूर्याची टिकली होते.

पाणी मात्र या टाक्याला मनापासून मानवतं. लहान लाटांच्या कललेल्या बाजू सूर्याचे तुकडे आपल्याकडे फेकतात आणि ती चमचमती वाट आडव्या, तुटक रेघांची होते. आडव्या ओळी हा तर क्रॉस स्टिचचा हातखंडा. निळी लडी मी डब्यातच ठेवते; त्या वेळी समुद्रात तिला फारसं काम नसतं. एक पथ्य पाळते: प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेला. मर्सराइज्ड सुताला चमक असते. दिशा बदलली की त्यावरचा उजेड तुटतो आणि पाण्यात नसलेले डाग दिसू लागतात.

तुम्ही सूर्यास्त भरायला घेणार असाल, तर नारिंगीची एक लडी पुरते. राखाडीच्या मात्र तीन-चार आणा, आणि एकाच वेळी, एकाच लॉटच्या आणा.