पंप कपाटात नको, हाताशी हवा

आमच्या भागात दम्याच्या लेकराबद्दल बोलणं निघालं की पहिलं वाक्य ठरलेलं: 'पंप नको, सवय लागते.' पंपाच्या एका फवाऱ्यात सालब्युटामोल 100 मायक्रोग्रॅम असतं. तेच औषध गोळीत 2 ते 4 मिलिग्रॅम, म्हणजे वीस ते चाळीस पट. पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात जातं, हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा थेट फुफ्फुसात जातो. तरी आईबाप गोळीला भीत नाहीत, पंपाला भितात.

•

असा पंप पहिल्यांदा बाजारात आला 1956 साली. अमेरिकेतल्या एका औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखं माझं औषध का नाही, असं तिने विचारलं, आणि तिथून काम सुरू झालं. शाळकरी पोरीच्या प्रश्नातून आलेली वस्तू आपल्या शाळांत मात्र लपवून ठेवावी लागते.

•

मृगाच्या सुरुवातीला हैदराबादच्या नामपल्ली मैदानावर बत्तिनी कुटुंब मरळीच्या पिल्लाच्या तोंडात औषध घालून ते रुग्णाला गिळायला देतं. कर्नाटक-महाराष्ट्रातून माणसं लेकरं घेऊन जातात. त्यांची कळकळ मी समजतो. पण याने दमा बरा होतो याला शास्त्रीय पुरावा नाही, आणि धापेतल्या लहान लेकराच्या घशात जिवंत मासा घालणं मला धोक्याचं वाटतं. त्याहून मोठा धोका म्हणजे मासा गिळला म्हणून रोजचा पंप बंद करणं.

•

रोजचा पंप वेगळा, धापेचा वेगळा. रोजचा श्वासनळीची सूज कमी ठेवतो; धापेचा आवळलेली नळी तेवढ्यापुरती सैल करतो. धापेचा पंप सारखा लागत असेल तर रोजच्या औषधाबद्दल डॉक्टरला विचारायलाच हवं.

•

धाप लागायला शाळेतच काय काय असतं! सकाळचा कोरडा झाडू, फळ्याची पूड, पोषण आहाराच्या चुलीत लाकूड किंवा तुराट्या असतील तर त्यांचा धूर, आवाराच्या कडेला गाजरगवत. सोयाबीनची रास सुरू झाली की मळणीयंत्राचा भुसा थेट वर्गात. रास थांबवता येत नाही. त्या बाजूची खिडकी लावता येते. झाडण्याआधी पाणी शिंपडता येतं, आणि दम्याच्या लेकराला झाडूच्या पाळीतून वगळता येतं. खेळातून मात्र वगळू नये. डॉक्टरने सांगितलं असेल तर पळण्याआधी पंधरा मिनिटं पंप घ्यावा आणि पळावं.

•

धाप लागली तर काय करायचं? ऑस्ट्रेलियात शिकवतात तो क्रम सोपा आहे. लेकराला ताठ बसवा, आडवं करू नका. एकटं सोडू नका. स्पेसरमधून, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधल्या पोकळ नळकांड्यातून, धापेच्या पंपाचा एक फवारा, चार श्वास. असे चार फवारे. चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार, आणि 108 ला फोन. एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळे पडले असतील तर वाट न बघता आधी फोन, आणि गाडी येईपर्यंत फवारे चालू. घरघर थांबली पण लेकरू मलूल पडलं, तर ते बरं झालेलं नसतं. हवा आत जाणंच बंद होत आलेलं असतं.

•

स्पेसर नसला तर? अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडा, पंप घट्ट बसवा, बाटलीचं तोंड लेकराच्या ओठांत द्या. दक्षिण आफ्रिकेत अशी बाटली तपासून पाहिली. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आला की ती विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडते.

•

इकडची, कर्नाटकातल्या सीमाभागातली, खास अडचण: डॉक्टर उदगीरचा, चिठ्ठी इंग्रजीत, सरकारी कागद कन्नडात, आणि आई वाचते मराठी. कोणता पंप, किती फवारे, कोणाला फोन, हे एका कागदावर मराठीत लिहून वर्गात आणि अंगणवाडीत लावलं पाहिजे.

•

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत दम्यासारखा श्वासनळीचा विकारही येतो. पथक शाळेत वर्षातून एकदा, अंगणवाडीत दोनदा यायचं असतं. ते येईल त्या दिवशी रात्री खोकणाऱ्या, पळताना मागे राहणाऱ्या लेकरांची नावं बाईंनी आधीच काढून ठेवावीत. ती लेकरं स्वतःहून सांगत नाहीत.

•

ब्रिटनमध्ये 1 ऑक्टोबर 2014 पासून शाळांना अडीअडचणीसाठी जादा पंप ठेवायची परवानगी आहे. आपल्याकडे निदान एवढं करा: लेकराचा स्वतःचा पंप मुख्याध्यापकांच्या कुलपात ठेवू नका. तो दप्तरात किंवा वर्गशिक्षकांच्या टेबलावर असू द्या, आणि तो कसा द्यायचा हे शाळेतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला, स्वयंपाकाच्या मावशींनाही, जूनच्या पहिल्या आठवड्यात शिकवा.