युनिट कितीला पडलं?

रॉकेलचा वास आला की मला अजून भूक लागते. गुहागर तालुक्यात आमचं रेशनचं दुकान होतं. रॉकेल आलेल्या दिवशी दुपारी दोन-अडीचपर्यंत रांग हटायची नाही, म्हणून अण्णा आणि मी जेवायला उशिरा बसायचो. हात साबणाने धुतले, राखेने घासले, तरी वास भातात उतरायचाच.

दुकानाच्या पडवीत दोनशे लिटरचं पिंप आडोशाला उभं असायचं. त्याच्या तोंडात हातपंप, खाली पत्र्याचं माप आणि गिऱ्हाइकाच्या डब्यावर नरसाळं. रेशनचं रॉकेल निळं. पंपाचा दांडा मारायचं काम माझ्याकडे. फेस बसेपर्यंत मापावरची नजर काढायची नाही, अशी अण्णांची ताकीद होती. समोरची काकी त्याच मापाकडे माझ्यापेक्षा बारकाईने बघत असायची. थेंबभर कमी भरलं तर "बाळा, अजून एक दांडा मार" म्हणायची.

घरोघरी विजेचे खांब पोचले होते, पण पहिल्या वळवाच्या पावसाला लाईट गेली की वायरमनची वाट बघत दोन-तीन रात्री चिमणी आणि कंदिलावर काढाव्या लागत. दिवेलागणीच्या आधी आई कंदिलाच्या काचा खाली मांडून बसायची. चुलीतली चाळलेली राख, जुन्या धोतराचा तुकडा, आणि काचेत मावेल एवढा माझा हात. परवचा आणि अभ्यास त्या उजेडात झाला, हे आज सांगताना बरं वाटतं. तेव्हा मात्र नाकात काजळी धरायची.

आणि मग, १९९३ च्या आसपास, त्या रांगेत एक नवा शब्द शिरला : एन्रॉन.

अंजनवेल-वेलदूरच्या कातळावर अमेरिकेची कंपनी वीज तयार करणार, असं कळलं. रांगेतल्या निम्म्या लोकांना वाटलं, आता रॉकेलचं पिंप भंगारात जाणार. अण्णांना मात्र एकच प्रश्न पडला : "युनिट कितीला पडणार?" दुकानदार माणूस. माल किती चांगला यापेक्षा तो किती पैशाला दारात पडतो, हे आधी बघणारा.

त्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळेना, कारण राज्य वीज मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये केलेला खरेदी करार सुरुवातीला लोकांपासून झाकूनच ठेवलेला होता. जागतिक बँकेने प्रकल्प परवडणारा नाही म्हणून कर्ज नाकारलं होतं. पुढे वर्तमानपत्रांतून एकेक कलम बाहेर यायला लागलं, तसे अण्णा ते रांगेला समजावून सांगत. "समज, मी घाऊक व्यापाऱ्याशी करार केला, की महिन्याला शंभर पिंपं माझ्या नावावर. गिऱ्हाईक आलं काय, न आलं काय, मी उचललं काय, न उचललं काय, पैसे भरायचेच. आणि तेही डॉलरच्या भावाने. मग मी दुकान चालवू की विकू?" वीजखरेदीचा करार मी आयुष्यात पहिल्यांदा शिकलो तो असा, रॉकेलच्या पिंपाला टेकून.

पुण्यात गिरीश संत, शंतनु दीक्षित यांच्यासारखी 'प्रयास' गटातली माणसं हाच हिशेब संगणकावर मांडत होती. अण्णांनी त्यांचं नावही तेव्हा ऐकलं नसेल. पण दोघांचा प्रश्न एकच होता. आज मागे वळून पाहताना एन्रॉनविरोधी आंदोलनातली हीच गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. मोर्चे झाले, घोषणा झाल्या, पण त्यासोबत एका अख्ख्या तालुक्याला कागद वाचायची सवय लागली. ज्या बायकांना सही करता येत नव्हती, त्यांना युनिटचा भाव तोंडपाठ होता.

ती सवय फुकट लागली नाही. निवडणुकीत एन्रॉन समुद्रात बुडवण्याची भाषा झाली, १९९५ मध्ये नव्या सरकारने करार रद्द केला आणि १९९६ मध्ये फेरबोलणी करून प्रकल्प मोठा करून परत आणला. ३ जून १९९७ च्या पहाटे वेलदूरमध्ये पोलीस प्रकल्पाला विरोध करणाऱ्या मच्छीमारांच्या घरांत शिरले, बायकांना ओढून नेलं. मानवी हक्क संघटनांच्या अहवालांत ती पहाट नोंदलेली आहे. आमच्या रांगेत तिची नोंद वेगळी झाली. त्या महिन्यात वेलदूरहून शृंगारतळीच्या बाजाराला येणाऱ्या मासळीच्या टोपल्या कमी झाल्या आणि रांगेत कुणी मोठ्याने बोलेना.

१९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. पुढे युनिट एकेका महिन्यात सात रुपयांच्याही वर गेलं. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं, डिसेंबरात तिकडे अमेरिकेत कंपनीच दिवाळखोरीत गेली. अण्णांनी त्या दिवशीचा पेपर घडी घालून गल्ल्यात ठेवला. कुणाला 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हणाले नाहीत. कारण पाठोपाठ भारनियमन आलं. दुकानाच्या भिंतीवर कोणत्या दिवशी किती ते किती लाईट जाणार याचं वेळापत्रक चिकटलं आणि दळण, इस्त्री, पंप, सगळं गाव त्या कागदाकडे बघून चालू लागलं. हिशेबात आपण बरोबर निघालो, म्हणून काही रात्री उजेड पडत नाही.

आज मी चिपळुणात राहतो. गच्चीवर तीन किलोवॉटचं सोलर आहे. केंद्राच्या सूर्यघर योजनेतून ७८ हजार रुपये अनुदान थेट खात्यात जमा झालं. दुकानात कधी सरकारी अनुदानाच्या फायली हलताना पाहिल्या नव्हत्या, म्हणून पासबुकातली ती ओळ मी दोनदा वाचली. आता वॉशिंग मशीन आणि पाण्याची मोटर आम्ही ऊन असताना लावतो. भारनियमनाचं वेळापत्रक गेलं, सूर्याचं आलं. फरक एवढाच, की याच्यावर कुणी चिडत नाही.

सरकारची भाषाही बदलली. तेव्हा 'टंचाई' हा एकच शब्द होता. २००८ मध्ये देशाचा हवामान बदलाबाबतचा राष्ट्रीय कृती आराखडा आला, २०२१ मध्ये ग्लासगोला २०७० पर्यंत 'नेट झिरो'चं वचन दिलं गेलं. २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-वायूबाहेरचा झाला. मात्र क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यांत फरक असतो. तारेतून येणाऱ्या विजेचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग अजून कोळशाचाच आहे. पिंप किती मोठं हे सांगितलं जातं, त्यात रॉकेल किती हे मापच सांगणार.

आणि हवामान बदल हा शब्द आमच्या घरात कागदावरून आला नाही. २२ जुलै २०२१ ला तो वाशिष्ठीच्या पाण्यातून आला. पहाटे जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर असलेलं पाणी दिवस वर यायच्या आत माळ्याला लागलं. मीटरची पेटी, फ्रीज, आईचा जपून ठेवलेला कंदील, सगळं चिखलात. त्यानंतर कित्येक रात्री मेणबत्तीवर. गंमत म्हणजे याच वाशिष्ठीत कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी कोळकेवाडीमार्गे येतं. त्यामुळे पूर ओसरल्यावर गावात वाद पेटला तो पुन्हा विजेवरूनच : पाणी कधी सोडलं, किती सोडलं? डिसेंबरात शहरातली माणसं नदीतला गाळ काढा म्हणून साखळी उपोषणाला बसली. मंडपात एका व्यापाऱ्याने वहीत गाळाचे घनमीटर लिहून आणले होते. ते बघून मला अण्णांची आठवण झाली. 'हल्लीची माणसं लढत नाहीत' असं म्हणायला माझी जीभ तेव्हापासून रेटत नाही.

तरी एक गोष्ट हरवली, ती रांग. रॉकेलच्या वासाची मला ओढ नाही. आईच्या खोकल्यात त्याचा वाटा होता. पण त्या रांगेत सगळे एकाच मापाकडे बघत असत. एकाला कमी मिळालं तर दहा जणांना दिसायचं. आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये त्याचा त्याचा आलेख. आज किती युनिट तयार झाली, किती विकली, हे मला सकाळच्या चहाबरोबर कळतं. शेजाऱ्याचं मला कळत नाही आणि मी विचारतही नाही. आणि जिथे विचारायची जागा नसते, तिथे अफवा उगवते. मागे सातारा-सांगलीकडे पवनचक्क्या ढग पळवतात म्हणून पाऊस पडत नाही, असं दुष्काळात लोक छातीठोक सांगत होते. हसण्यासारखं आहे, पण त्यामागे प्रश्न खराच होता : डोंगर आमचा, वारा आमचा, मग यात आमच्या वाट्याला काय?

गेल्या महिन्यात आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी ओट्यावरचं माझं बिल बघत थांबल्या. देय रकमेच्या जागी अगदी किरकोळ आकडा होता. त्या भाड्याच्या खोलीत राहतात. वर पत्रा मालकाचा, मीटर सामाईक.

"दादा, ऊन तर आमच्या पत्र्यावरपण पडतं," त्या म्हणाल्या. "मग तुमचं बिल उतरलं आणि आमचं का नाही?"

मी योजनेचं नाव सांगितलं, छताची मालकी लागते म्हणालो, अनुदानाचे टप्पे सांगितले. त्या शांतपणे ऐकत होत्या, पण नजर बिलावरून हलली नव्हती. मापातला फेस बसायची वाट बघणारी ती नजर मी ओळखली. माझ्या बोलण्यात सगळा फेसच होता.

अण्णा असते तर त्यांनी कानावरची पेन्सिल काढून त्याच बिलाच्या पाठीवर हिशेब मांडायला घेतला असता. मी ड्रॉवर उघडून पेन शोधलं आणि म्हटलं, "मावशी, बसा. तुमच्या मालकांना किती युनिटचं बिल येतं, ते आधी सांगा."