गाड्या फुटल्या, हसू फुटलं नाही

'ग्रँड थेफ्ट ऑटो' म्हटलं की हॉस्टेलवर सगळ्यांना गेमच आठवतो. पण याच नावाचा एक सिनेमा १९७७ साली आला होता. दिग्दर्शक रॉन हॉवर्ड, म्हणजे 'अपोलो १३' (१९९५) बनवणारा! त्याने दिग्दर्शित केलेला हा पहिला सिनेमा. म्हणून सबमिशनच्या धामधुमीतही मोठ्या अपेक्षेने बघायला बसलो.

गोष्ट एका ओळीची. श्रीमंत घरची मुलगी बापाचीच रोल्स रॉइस घेऊन प्रियकरासोबत लास व्हेगासला लग्न करायला पळते. मग बापाने ठरवलेला नवरा, त्याची आई, पोलीस आणि बक्षिसासाठी निघालेले हौशे-नवशे, सगळे मागे! पहिली दहा मिनिटं मजा येते. मग एक गाडी आपटते, दुसरी उलटते, आणि लक्षात येतं की कुणाला काहीच होणार नाहीये. एक फुटली की दुसरी हजर. मग हसायचं कशाला आणि घाबरायचं कशाला? शेवटी रोल्स रॉइसचा चुराडा होतो, तेव्हा वाईट वाटलं ते फक्त गाडीचं.

'अपोलो १३'मध्ये नेमकं उलटं. १९७० साली ते तिघं सुखरूप परतले हे ठाऊक असूनही जीव टांगणीला लागतो, कारण तिथे दुसरं यान येणार नसतं. वीज मोजूनमापून वापरायची. चौकोनी फिल्टर गोल फिल्टरच्या जागी चालवायचा, तोही हाताशी असलेल्या पिशव्या नि चिकटपट्ट्या वापरून.

गंमत म्हणजे पहिला सिनेमा करताना हॉवर्डची अवस्था तशीच होती. वय जेमतेम तेवीस. निर्माता रॉजर कॉर्मन, काटकसरीसाठी प्रसिद्ध. बजेट सहा लाख डॉलरच्या आसपास. दिग्दर्शन मिळावं म्हणून त्याने आधी कॉर्मनच्या 'ईट माय डस्ट' (१९७६) या असल्याच पळापळीच्या सिनेमात काम केलं. मग वडिलांसोबत पटकथा लिहिली, नायक स्वतः झाला, भावालाही घेतलं. ही ओढाताण पडद्यावर असती तर सिनेमा कितीतरी रंगला असता!

आमच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये सध्या वाद चालू आहे. जळालेल्या दोन मोटर्स रिपोर्टमध्ये लिहायच्या की नाही? तिघं म्हणतात, "नको रे, एक्स्टर्नल मार्क कापेल." मी म्हणतो, लिहू या. सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ते वाचणार कोण?