ठिणगीची वेळ

आमच्या मामूंची प्रीमियर पद्मिनी द्रोणागिरीत आमच्या इमारतीखाली उभी असते. गाडी खाजगी, पद्मिनी टॅक्सी तर मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस गेल्याच. न्हावा-शेवा बंदराच्या ट्रेलरांमुळे इथे गॅरेजे पुष्कळ, पण कारभार सगळा डिझेलचा. म्हणून टायमिंग मामू स्वतःच लावतात. तरुणपणी ते कुर्ल्याला, ही गाडी जिथे बनायची तिथल्याच एका गॅरेजात, मिस्त्री होते.

पिस्टन वर येत पेट्रोल आणि हवा दाबतो, तेव्हा प्लगची ठिणगी पडायला हवी. तीही टोकाला पोचण्याच्या किंचित आधी, कारण मिश्रण पेटून पसरायला वेळ लागतो. फार आधी पडली तर चढावर इंजिन टकटक करते, पिस्टनला मार बसतो. उशिरा पडली तर गाडी ओढत नाही, तापते, पेट्रोल पिते.

मामू आधी पॉइंट साफ करून त्यांची फट मोजतात. फट बदलली की टायमिंग सरकते, म्हणून हा क्रम उलटा चालत नाही. मग पुढच्या पुलीवरची खूण जुळवायची. खूण दर फेरीला येते, ठिणगी मात्र प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदाच हवी. तेव्हा एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून दाब येतो का ते बघायचे. बारा व्होल्टच्या बल्बची एक वायर पॉइंटच्या वायरीला, दुसरी बॉडीला. चावी चालू करून डिस्ट्रिब्यूटर रोटरच्या उलट दिशेने हळूहळू फिरवायचा. पॉइंट उघडले की बल्ब पेटतो. तिथेच बोल्ट आवळायचा.

पण मामूंचे एवढ्यावर भागत नाही. "बल्ब को क्या मालूम, गाडी कित्ती बूढी है," म्हणत ते चक्कर मारून येतात आणि कानाने ऐकून केसभर मागे-पुढे करतात. टॅक्सीवाले सीएनजीकडे वळले तेव्हा हीच कसरत वाढली. गॅस सावकाश जळतो, त्याला ठिणगी लवकर लागते. तीच गाडी पेट्रोलवर घेतली की टकटक सुरू. दोघांना चालेल असा मधला बिंदू शोधणे, हे त्यांचे खरे काम.

दाब, ज्वलन, विद्युत-मंडल आम्ही वर्गात उर्दूतून शिकवतो. 'एहतराक'ची व्याख्या मुलांना तोंडपाठ असते. मामू मात्र सातवीपर्यंत शिकलेले. घरच्या लग्नकार्यात शिकलेल्यांच्या यादीत त्यांचे नाव कधी येत नाही. आपल्या पोरांना 'पंक्चरवाले' म्हणून हिणवतात, त्याचा संताप आम्हालाही येतो. पण त्या संतापात आपणच पाना-पकडीला हलके मानू लागलो, हे अधिक बोचते.

एका रविवारी आम्ही चार विद्यार्थ्यांना गाडीजवळ नेले. एका मुलीने विचारले, ठिणगी आधी का? मामू म्हणाले, "बॉल बल्ल्यापर्यंत आल्यावर बॅट उचलतेस का?" ती हसली, आणि बल्ब तिनेच धरला. मामूंचा हात अलीकडे थरथरतो, म्हणून बोल्टही तिनेच आवळला.

नोंदणीची पाच वर्षे संपत आली आहेत. गाडी आरटीओत दाखवावी लागेल. त्याआधी नवे पॉइंट घ्यायला मामूंना कुर्ल्याला जायचे आहे. ती मुलगी विचारतेय, मीही येऊ का?